गढीची माती

१७ एप्रिल, बुधवार

लाईट नाही. मोबाईल कालच मेला. म्हणून ही डायरी काढली. कंपनीनं नव्या वर्षाले सगळ्या पोरायले वाटली होती, तारखा इंग्रजीत अन् अरबीत. मी तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. नववीत शाळा सुटली तेव्हापासून सहीशिवाय हातानं काही लिहिलं नाही. अक्षर असं येऊन राहिलं जशी कोंबडी शेणातून चालली. येऊ दे. वाचणार कोण आहे?

काल इथं, शारजात, पाऊस पडला. पाऊस कायचा, वरून कोणी टँकरचा वॉल खोलला अन् बंद करायचा विसरला. लोक म्हणतात, सालभर पडत नाही तितका एका दिवसात पडला. आधी सगळ्यायचे मोबाईल एकदम केकाटले. मले वाटलं बॅटरी फुटते का काय. तर तो सरकारचा इशारा होता. घरात बसा, बाहेर निघू नका, शाळा बंद.

आमची खोली पहिल्या मजल्यावर. खाली रस्ता नाही, तलाव आहे. गाड्यायचे फक्त टप दिसतात. खोलीतला शफीकुल खिडकीत बसला अन् निवांत पाहून राहिला. तो बांगलादेशचा. ब्रह्मपुत्रेच्या मधात वाळूचं बेट आहे, तिथं त्याचं घर. म्हणे, "धार नहीं है इसमें. बैठा हुआ पानी है. डरने का नहीं." जसा कोणी बैलाले पाहून सांगते, हा मारका नाही म्हणून.

मले भेव वाटलं होतं, खरं सांगतो. इथं कोणाले सांगितलं नाही.

२० एप्रिल

लाईट आली. काल रबराच्या होडीत बसून पोरं-पोरी आले अन् दोरीनं खाण्याचे डबे वर दिले. ओळख ना पाळख. बिर्याणी होती. पुरात बिर्याणी! गावात सांगितलं तर म्हणतील, फेकून राहिला.

आजपासून काम सुरू. आमची कंपनी गटारं उपसते. मी टँकरवर हेल्पर, जाडा पाईप पाण्यात सोडायचा, शफीकुल मशीन चालू करते अन् पाणी सुर्रकन वर. टँकर भरला की दूर वाळवंटात नेऊन सोडायचा. असे किती टँकर लागले होते त्याचा हिशेबच नाही. रस्त्यावर जिकडं तिकडं पाईपच पाईप. पाण्याले कोणी विचारून नाही राहिलं की तुले जायचं का. उचलून नेऊन राहिले.

२१ एप्रिल, रविवार

घरी व्हिडिओ कॉल लागला. मायनं टीव्हीवर विमानं पाण्यात उभी पाहिली होती. माहं तोंड दिसताच रडाले लागली.

"पोरा, उंच जागी जाय वं... उंच जागी जाय!" वं पोरीले म्हणतात, पण घाबरली की माय मले बी वं म्हणते.

म्हटलं, "माय, इथं कोणी कुठं जात नाई. लोक घरात बसून जेवण मागवून राहिले."

बाबा मागून म्हणे, "इतका पैसा हाये त्यायच्याकडं, एक नाली नाई खोदली काहून?"

बाबा असंच विचारते.

तितक्यात शेजारची आशाबाई आत्या पदर सावरत मोबाईलमध्ये घुसली. पूर्ण स्क्रीनवर तिचं नाकच. "कुलदीप्या, ते पाणी कुठं टाकून राहिले बे?"

"वाळवंटात, आत्या."

"फेकून राहिले? अन् आमच्याकडं आठ रोज झाले, टँकर नाई. बोअरचं पाणी तं तोंडात घेववत नाई, इतकं खारं. तुह्या शेखले सांग, एक गाडी इकडं वळव म्हणा. म्हणा, आशाबाई तहानली हाये."

आमचं गाव वाघोडी, अकोला जिल्ह्यातलं, तेल्हाऱ्याकडचं. सारी खारपाणपट्टी. जमिनीत पाणी आहे, पण जनावर बी तोंड लावत नाही. मी हासलो. शफीकुल बी हासला, त्याले काही समजलं नव्हतं तरी.

२७ एप्रिल

आज एका मोठ्या बंगल्याचं तळघर उपसलं. त्यात गाडी होती, पांढरी, लांबच लांब, पूर्ण बुडलेली. मालक चपला हातात घेऊन उभा. मले वाटलं आता हा माणूस डोक्यावर हात मारते. तर तो फोनवर बोलला, फोटो काढले अन् आत गेला. शफीकुल म्हणे विमा आहे, नवीन गाडी येईन. त्याची बायको आमाले थंड ज्यूस देऊन गेली. चांगले लोक आहेत.

सगळ्यायचंच असं नाही झालं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या नेपाळी पोरायच्या पेट्या भिजल्या, गाद्या गेल्या. त्यायचा विमा कोण काढते? अन् गाडीत अडकून माणसं मेली असं बी ऐकलं. पण सरतेशेवटी हप्ताभरात रस्ता कोरडा. आज त्याच जागी पोट्टे क्रिकेट खेळून राहिले.

मी इचार करून राहिलो, इथं पाणी पाहुण्यासारखं आलं. राहिलं, थोडी नासधूस केली, गेलं. आमच्याकडं येते तं घरमालकासारखं येते.

१२ मे, रविवार

शफीकुलले घराचे फोटो दाखवले. धाब्याचं घर, भिंती पांढऱ्या मातीच्या, वर मातीचंच छप्पर. उन्हाळ्यात आत इतकं थंड की एसी झक मारते. त्यानं फोटो मोठा करून पाहिला. घर चांगलं आहे असं नाही म्हणाला, माय कशी आहे असं नाही विचारलं. विचारलं काय, तर, "ऊँचा जगह किधर है?"

म्हटलं, "गढी आहे ना!"

मंग त्याले गढी समजावून सांगितली. कोण्या जमान्यातला किल्ला का वाडा पडला अन् त्याचा झाला मातीचा डोंगर. आमची वस्ती गावाबाहेर, मधात नाला, तिच्या मागंच. लहानपणी आमी तिच्यावरून पतंग उडवत होतो, वरून नदीचा पार वाकडा पदर दिसे. जुना मोठा पूर आला होता तेव्हा सगळी वस्ती गढीवर राहिली. आशाबाई आत्याचा नवरा त्याच पुरात गढीवर जन्मला. म्हणून त्याचं नाव गढीराम. देवाशप्पथ. कागदावर दुसरं होतं, पण मरेपर्यंत गढीरामच.

शफीकुल खूश झाला. म्हणे, "अच्छा है. हमारा उधर हर साल मिट्टी डालके ऊँचा करना पड़ता है. घर का जमीन भी, स्कूल का जमीन भी." त्यायच्या बेटावर सगळे मिळून उन्हाळाभर माती टाकतात. पूर आला की घर जाते, पण माणूस शाळेवर.

मी म्हटलं, "तुमचा देश तं आमच्यापेक्षा गरीब आहे, शफीकभाई. मंग हे डोकं कुठून आलं?"

तो म्हणे, "मर-मर के आया."

१५ मे

नीलमले म्हटलं, गढीचा फोटो टाक, शफीकभाईले दाखवायचा आहे. नीलम माही बहीण, बारावीले आहे. तिनं टाकला.

मी तिले फोन करून शिवी दिली, म्हटलं हा कायचा फोटो आहे? उकिरड्याचा? ती म्हणे, "भाऊ, गढीच हाये. तू गेला तेव्हा बी अशीच होती. तू पाह्यलं नसन."

म्हशीच्या पाठीइतकी उरली आहे. बाकी सगळी कोरून कोरून गेली. मले समजते कुठं गेली. धाब्यावर दरसाल पावसाआधी पांढरी माती टाकावी लागते, नाही तं घर गळते. काळ्या मातीचं काम नाही ते, काळी फुगते अन् भेगा पडते. पांढरी फक्त गढीची. सारं गाव तिथूनच नेते. अन् नेऊन देते कोण? बाबा. बाबाची बंडी अन् बैलजोडी, उन्हाळ्यात तोच धंदा. बाबा हुशारीनं खोदते. वरची माती पावसानं धुपलेली असते, म्हणून खालून, पोटातून काढते. पोटातली चिकट, लोण्यासारखी. बाबानं टाकलेलं धाबं गळत नाही असं तेल्हाऱ्यापर्यंत नाव आहे. लहानपणी मी बंडीवर मातीच्या ढिगावर बसून जात होतो, राजासारखा.

शफीकुलले फोटो दाखवला नाही. म्हटलं, नेट स्लो आहे.

१९ मे

बाबासोबत बाजलं.

मी म्हटलं, "बाबा, यंदा गढीची माती नका काढू. कोणालेच नका देऊ."

"काहून?"

"पूर आला तं उभं कुठं राहसान?"

"अन् पाऊस आला तं झोपू कुठं? धाबं गळन त्याचं काय? तुह्या वाळवंटातली रेती पाठवतं का?"

म्हटलं, "पुढच्या साली स्लॅब टाकून देतो."

"मंग पुढच्या साली नाई काढत. यंदाचं लोकायले हो म्हटलं हाये. अन् मी बंद केलं तं दुसरा नेईन. पाटलाले अन् मास्तरले स्लॅब हाये, त्यायले नाई लागत गढी. ज्याले लागते, त्यायले तू सांगजो फोन करून, गळू द्या म्हणून."

आत्याचा आवाज आला मागून, "कोण होय, कुलदीप्या? त्याले म्हणा, माह्या धाब्यावर बी दोन बंड्या टाकल्या तुह्या बापानं. चांगला हाये तुह्यापेक्षा!"

फोन ठेवून दिला. बाबाचं चुकलं असं बी नाही वाटत. माहं चुकलं असं बी नाही वाटत. डोकं फिरलं. चप्पल घालून उगाच मशिदीपर्यंत जाऊन आलो.

जून

लिहिण्यासारखं काही नाही. उकाडा. गटारं. बाबासोबत बोलणं होते ते पेरणीचं, तितकंच.

२२ जुलै, सोमवार

सकाळी टँकर भरता भरता गावाच्या ग्रुपवर पाह्यलं, पहाडात रातभर पाऊस आहे, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले. लगेच फोन लावला.

"बाबा, निघा तिथून. पाटलाच्या गच्चीवर जा सगळे."

"कोतवाल आला नाई, दवंडी नाई, अन् तू तिकडून सांगून राहिला?"

"इथं असं झालं तं मोबाईल केकाटते, बाबा."

"इथं अजून कोंबडा बी नाई केकाटला. पाऊस पडला म्हणून कोणाच्या गच्चीवर जाऊन बसू? कधी पाय ठेवला का आपण तिथं? अन् बैलं कुठं नेऊ, जिन्यानं चढवू?"

आत्या मागून म्हणे, "चिंता नको करू बे. आलंच तं गढी हाये. माहा नवरा पैदा झाला तिथं, मी काय मरतो तिथं?"

सगळे हासले. मायचा बी हासण्याचा आवाज आला. मंग माय म्हणे, "चूल विझून राहिली, मंग करजो." फोन बंद झाला.

जेवणाच्या सुट्टीत लावला, लागत नाही. संध्याकाळी बी नाही. नीलमचाही नाही. तेल्हाऱ्यातल्या मित्राले लावला, तो म्हणे तुमच्याकडचा टॉवर गेला, रस्ता बी गेला.

२३ जुलै

फोन लागत नाही.

आज एका बंगल्यात पोहण्याचा हौद उपसायचा होता. पाणी स्वच्छ होतं, निळं. त्यात झाडाची पानं पडली म्हणून बदलायचं. माह्या हातातून पाईप दोनदा सुटला. सुपरवायझर ओरडला. शफीकुलनं त्याले बाजूले नेऊन काही सांगितलं, मंग तो नाही ओरडला.

शफीकुलले म्हटलं, तुमच्याकडं असं झालं तं काय करता? म्हणे, "बैठता है. फोन हाथ में लेके बैठता है."

२४ जुलै

नीलमचा फोन आला. कोणाच्या तरी मोबाईलवरून. माय आहे. बाबा आहे. बैलं आहेत, सुटून गेले होते, सापडले.

आशाबाई आत्या नाही.

नीलमनं जे सांगितलं ते लिहून ठेवतो, नाही तं मले वाटन मी सपनात ऐकलं.

नाल्याकडून पाणी आलं अन् गाव अन् वस्ती यायच्या मधातून घुसलं. तिकडच्या गच्च्या दिसत होत्या, त्यावरचे लोक हात हलवून बोलवत होते, दोर बी फेकला, पोहचला नाही. मंग सगळी वस्ती गढीवर. पाटलाचा सालदार गडी अन् त्याचं लेकरू बी तिथंच अडकलं. जागा इतकीच की बसता येत नव्हतं. सगळे उभे, एकमेकायचा खांदा धरून, वरून पाऊस. मायच्या घोट्याले पाणी लागलं होतं. कोणी कोणाले सरक म्हटलं नाही, नीलम म्हणे. सरकायले जागाच नव्हती.

वस्तीतली करिश्मा होती कडेले, तिच्या हाती तान्हं. आत्या म्हणे, "तू मधात हो वं पोरी, मले काय लागते?" अन् स्वतः कडेले गेली. थोड्या वेळानं ती कड सुटली. आवाज बी नाही झाला. तव्यावर भाकरीचा पापुद्रा सुटते तशी. खाली पोकळच होतं. बाबानं हात टाकला. पदर हाती आला, आत्या नाही आली.

दुसऱ्या दिवशी बाभळीपाशी भेटली.

मी विचारलं, पाणी किती उंच आलं होतं? नीलम म्हणे, फार नाही, घराच्या खिडकीपर्यंत. इथं शारजात तितकंच होतं. इथं पाऊस तं त्याच्यापेक्षा जास्त पडला होता. मी एक खिडकीतून पाह्यला, एक मोबाईलवर ऐकला. इथला मोठा होता.

म्हटलं बाबाले दे. म्हणे, "बाबा बोलत नाई, भाऊ. कोणासंगच बोलत नाई."

२८ जुलै, रविवार

सगळे शाळेत आहेत. पाटलाकडून पोळ्या येतात. माणसं आली होती पंचनाम्याले, मदत भेटन म्हणतात. घर त्या दिवशी उभं होतं, पाणी उतरल्यावर ऊन पडलं अन् मंग बसलं. मागची भिंत आधी, मंग धाबं. आत कोणी नव्हतं.

बाबानं अजून माह्याशी बोलणं केलं नाही. मायले विचारलं, "घराचं इतकं मनावर घेतलं का? सांग त्याले, मी आहे ना, स्लॅबचं करतो." माय म्हणे, "घराचं नोय रे." मंग कायचं, तं काही सांगत नाही. म्हणे, जेवत नाही, गढीपाशी जाऊन बसते, जिथं कड सुटली तिथं खाली वाकून हात घालून पाहते.

मले वाटते त्याले धक्का बसला. डॉक्टरले दाखवा म्हटलं. अकोल्याले न्या. नीलम म्हणे, "हो." पण तिच्या हो मध्ये काही दम नव्हता.

सुट्टी मागितली. दिवाळीनंतर पाहू म्हणतात.

४ ऑगस्ट, रविवार

नीलमचा व्हिडिओ कॉल आला. तिनं मोबाईल गढीकडं फिरवला.

बाबा. बंडी भरलेली, पांढरी माती. आमच्या पडल्या भिंतीची. ओळखू येत होती, मायनं सारवलेल्या निळीचे पोपडे तिच्यात दिसत होते. बाबानं बैलं गढीपाशी उभे केले अन् फावड्यानं माती खाली लोटायले लागला. त्या कडेवर.

मी ओरडलो, "अरे बाबा! ती माती कामाची आहे! तिच्यातच पाणी टाकून नवी भिंत होते, तूच सांगत होता ना?"

नीलमनं मोबाईल त्याच्या तोंडापाशी नेला. दाढी वाढलेली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलला. म्हणे, "भिंत तू विटाची पाठवजो. ही इथलीच होय."

अन् पुन्हा फावडं. मंग उतरला, उघड्या पायानं माती चेपायले लागला. इतक्या वेळा चेपली एकच जागा की मी म्हटलं झालं, बाबा, झालं. त्यानं ऐकलं नाही. मागं आणखी एक बंडी उभी होती, करिश्माच्या घरवाल्याची. तिच्यात बी पांढरीच माती. त्यायचं बी घर बसलं होतं. मले काय चाललं आहे ते पुरतं समजलं नाही, पण पुन्हा ओरडलो नाही.

शफीकुल माह्या खांद्यावरून पाहून राहिला होता. यावेळी मले त्याच्यापासून लपवता आलं नाही. त्यानं गढी पाहिली. उंची विचारली नाही. फक्त म्हणे, "घास लगाना बोलो. चारों तरफ. नहीं तो पहला बारिश में सब बह जाएगा."

बरोबर आहे त्याचं. हरळी लावली तं मुळ्या माती धरून ठेवतात, एकदा धरली की नांगरानं सुटत नाही. पण बाबाची सारी जिंदगी वावरातली हरळी उपटण्यात गेली. बोटं वाकडी झाली तिच्या पायी. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, एक काडी दिसली तं हातातलं जेवण ठेवून उठते.

त्याले हरळी लाव म्हणून कसं सांगू?

उद्या सांगतो. आज चेपू दे.